स्टार्टर वाटल्यानेच टिकतो

सावरडो, म्हणजे नैसर्गिक आंबवणाने फुगवलेल्या आंबटसर पावाचा स्टार्टर (आंबवण) घरात ठेवायला घेतला की त्याच्या वाढीचे गणित पहिल्या आठवड्यातच समोर उभे राहते. बरणीतल्या ५० ग्रॅम स्टार्टरमध्ये ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी कालवले की त्याचे १५० ग्रॅम होतात. त्यातले काहीही न काढता दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच प्रमाणात पीठ-पाणी घातले तर ४५० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी १,३५० ग्रॅम आणि चौथ्या दिवशी चार किलोंहून अधिक. म्हणून दर वेळी फीड करण्याआधी, म्हणजे नवे पीठ-पाणी घालण्याआधी, बरणीतला बराचसा भाग बाहेर काढावाच लागतो. हा काढलेला भाग परदेशी पाककृती सरळ टाकून द्यायला सांगतात. ज्या घरात परातीला चिकटलेली कणीकही खरवडून शेवटच्या पोळीत घेतात, त्या घरात हे होणे नाही. त्याची बेसन, कांदा आणि कोथिंबीर घालून उत्तम धिरडी होतात, थालीपिठाच्या भाजणीतही तो छान मिसळतो. पण त्याचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे तो दुसऱ्याच्या बरणीत घालणे, असे माझे ठाम मत झाले आहे.

ज्यांनी हा पाव कधी केलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. स्टार्टर म्हणजे पीठ आणि पाणी यांचे आंबवलेले मिश्रण. धान्यावर आणि पिठात मुळातच असलेले यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्यात एकत्र नांदतात. यीस्टमुळे कार्बन डायऑक्साइड तयार होऊन पीठ फुगते आणि जिवाणूंमुळे आंबटपणा व वास येतो. तो शून्यापासून करायचा असेल तर चक्कीची कणीक आणि पाणी सम प्रमाणात कालवून उबदार जागी ठेवावे आणि रोज थोडे काढून नवे पीठ-पाणी घालावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरात बुडबुडे येतात, वास मात्र नकोसा असतो, आणि मग एकदम सगळे थंडावते. पुष्कळ जण इथेच हात टेकतात. वास्तविक सुरुवातीचे ते बुडबुडे वेगळ्याच जिवाणूंचे असतात. मिश्रण आंबट होत गेले की ते मागे पडतात आणि आंबटपणा सोसणारे यीस्ट व लॅक्टिक जिवाणू हळूहळू जम बसवतात. या सगळ्याला आठवडा, कधी त्याहून अधिक काळ लागतो. मैत्रिणीकडून चमचाभर जिवंत स्टार्टर मिळाला तर ही सारी उमेदवारी वाचते आणि दोन-तीन दिवसांत पाव करण्याजोगी बरणी तयार होते.

आपल्याकडे हा व्यवहार नवा नाही. घरातले दही संपले की वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला जाणे ही चाळीतली आणि वाड्यातली नित्याची गोष्ट होती, आणि तिला नियमही होते: तिन्हीसांजेनंतर विरजण द्यायचे नाही, आणि वाटी परत करताना ती रिकामी द्यायची नाही, चिमूटभर साखर तरी त्यात घालायची. आम्हा मैत्रिणींच्या गटात स्टार्टरची देवाणघेवाण सुरू झाली तेव्हा रिकाम्या वाटीचा नियम कोणी न ठरवताच बरण्यांना लागू झाला. माझ्याकडून गेलेल्या बरण्या मेतकूट, करवंदाचे लोणचे, लसणाची चटणी आणि एकदा ओल्या हळदीचे लोणचे घेऊन परत आल्या आहेत. म्हणून स्टार्टर विकण्याच्या मी विरोधात आहे. ज्या वस्तूचा अतिरेक टाळण्यासाठी ती काढावीच लागते, तिची किंमत घेणे मला पटत नाही. पावाचे पैसे अवश्य घ्यावेत, त्यात पीठ, वीज आणि रात्रीची झोप गेलेली असते.

मात्र स्टार्टर देताना नुसती बरणी हातात ठेवून भागत नाही, त्याबरोबर मुंबईची हवाही समजावून द्यावी लागते. इंग्रजी पुस्तकांतल्या आणि व्हिडिओंतल्या बहुतेक पाककृती २१ ते २४ अंश सेल्सिअस तापमानाचे स्वयंपाकघर गृहीत धरतात. आपल्याकडे मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात ओट्याजवळचे तापमान सहज ३१-३२ अंशांवर असते. या फरकाचा परिणाम केवळ वेगावर होत नाही. स्टार्टरमधले यीस्ट साधारण २७-२८ अंशांना सर्वाधिक जोमाने वाढते, तर लॅक्टिक जिवाणूंना ३२ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. त्यामुळे मुंबईच्या उन्हाळ्यात पीठ पुरेसे फुगण्याआधीच आंबट होऊ लागते, आणि आम्ल वाढले की पिठातली प्रथिने तोडणारी विकरे जोर धरून ग्लुटेनची, म्हणजे वायू धरून ठेवणाऱ्या चिवट प्रथिनांची जाळी सैल पडते. ज्या पाककृतीने थंड गावात उंच, हलका पाव होतो, तीच घड्याळ लावून इथे केली की गोळा पसरट होतो आणि ताटात वाहू लागतो. करणाऱ्या व्यक्तीला वाटते की आपल्या हातालाच यश नाही. नव्याने शिकणाऱ्या मैत्रिणीला मी पहिल्यांदा हेच सांगते की घड्याळ बाजूला ठेव, बरणीला रबरबँड लाव आणि पातळी कुठवर चढली ते पाहा.

उन्हाळ्यासाठी उपाय आहेत आणि ते सोपे आहेत. एक भाग स्टार्टरला एक भाग पीठ आणि एक भाग पाणी असे फीड केले तर तो तीन-चार तासांतच शिगेला पोहोचून खाली बसतो, आणि नोकरी करणाऱ्या कोणालाही ते सांभाळणे शक्य नसते. एकास पाच-पाच असे प्रमाण घेतले की तोच सात-आठ तास घेतो, म्हणजे रात्री झोपताना फीड केलेला स्टार्टर सकाळी वापरण्याजोगा मिळतो. पीठ मळताना ५०० ग्रॅम पिठाला ३५० ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅम मीठ हे मी वर्षभर कायम ठेवते; स्टार्टर मात्र डिसेंबर-जानेवारीत १०० ग्रॅम घेते तर मे महिन्यात ५० ग्रॅम, आणि पाणी फ्रिजमधले. पीठ मूळ आकाराच्या दीडपट झाले की थांबावे, दुप्पट होण्याची वाट पाहू नये, कारण गोळा वळून फ्रिजमध्ये ठेवल्यावरही तो पूर्ण गार होईपर्यंत फुगतच राहतो. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेला गोळा पहाटे, ओटा तापण्याआधी भाजावा.

पावसाळ्याची तऱ्हा निराळी. जुलैत हवेतला दमटपणा इतका असतो की डब्यातले पीठच पाणी धरून बसलेले असते. त्या दिवसांत ठरलेल्या पाण्यातले २०-३० ग्रॅम मागे ठेवून मग लागेल तसे घालावे. पीठ थोडेच दळून आणावे आणि फ्रिजमध्ये ठेवावे, नाहीतर पोरकिडे होतात. भाजलेल्या पावाचा खरपूस पापुद्रा संध्याकाळपर्यंत मऊ पडतो, त्याला इलाज नाही. काप तव्यावर कोरडे शेकले की तो परत येतो.

पिठाविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण आमच्या गटातले बहुतेक वाद पिठावरूनच झाले. निव्वळ मैद्याचा पाव दिसायला देखणा होतो, जाळी मोठी पडते, पण चवीला फिका लागतो. चक्कीची कणीक दळताना तापते, तिच्यातल्या स्टार्चच्या कणांना इजा होते आणि कोंडाही त्यातच राहतो. म्हणून ती पाणी जास्त पिते आणि भराभर आंबते, तर कोंड्याचे बारीक कण ग्लुटेनचे धागे वाढू देत नाहीत. निम्मा मैदा आणि निम्मी लोकवन गव्हाची कणीक, हे मला आवडणारे प्रमाण. त्यात पाणी ३५० वरून ३७० ग्रॅमपर्यंत नेता येते. दादरच्या दुकानांत मिळणारा खपली गहू, जो सांगली-साताऱ्याकडे आणि बेळगावच्या बाजूला पिकतो, त्याला सुरेख, थोडी गोडसर चव आहे. पण त्याचे ग्लुटेन दुबळे असते, तेव्हा तो पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त घालायचा असेल तर पाव साच्यातच भाजावा. माझ्या एका मैत्रिणीने नाचणीचा हट्ट धरला. नाचणीत ग्लुटेन नसतेच, त्यामुळे पावात ती दहा टक्क्यांपुढे नेली की पाव दडदडीत होतो. पण स्टार्टरला फीड करताना चमचाभर नाचणीचे पीठ घातले तर तो विलक्षण तरतरीत होतो, हे तिने दाखवून दिले, आणि आंबील करणाऱ्या घरातल्या मुलीला हे आमच्याआधी उमगावे यात नवल नाही. परदेशात याच कामासाठी राय नावाच्या धान्याचे पीठ वापरतात. आपण ती महागाची राय कशाला शोधत बसायची?

मुंबईत स्टार्टर देणे म्हणजे तो लोकलने जाणार. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ताजा फीड केलेला, पातळ स्टार्टर घालून विरार लोकलच्या गर्दीत शिरणे धोक्याचे आहे, कारण उकाड्यात तासाभरातच वायू साचू लागतो. बरणी तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरावी आणि झाकण अर्धवट फिरवलेले असावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे घट्ट गोळा करणे: २० ग्रॅम स्टार्टर, ५० ग्रॅम कणीक आणि २५ ग्रॅम पाणी मळून, त्यावर कोरडे पीठ भुरभुरून तो पोळीच्या छोट्या डब्यात ठेवायचा. पाणी कमी असल्याने तो सावकाश आंबतो, सांडत नाही, आणि घरी पोहोचल्यावर पाण्यात कुस्करून पुन्हा पातळ करता येतो. दादरच्या पुलावर उभ्याउभ्या डबा हाती देताना माझी नेहमीची सूचना असते, “अगं, आज रात्रीच फीड कर, उद्यावर टाकू नकोस.” तरीही, ज्या मैत्रिणी अर्धा दिवस घरी येऊन बसल्या आणि ज्यांनी पिठाला स्वतः हात लावला, त्यांचेच स्टार्टर पुढे टिकले. पीठ किती सैल हवे, घड्या घालताना ते हाताला कसे लागायला हवे, हे ग्रॅममध्ये लिहून देता येत नाही.

दिलेला स्टार्टर नव्या घरी गेला की तो तसाच राहत नाही, आणि मला यातली सर्वांत मनोहर गोष्ट हीच वाटते. माझ्याच बरणीतला स्टार्टर गोरेगावच्या मैत्रिणीकडे वर्षभर राहिल्यावर दह्यासारख्या सौम्य वासाचा झाला, ठाण्याच्या मैत्रिणीकडे त्याला व्हिनेगरचा तीव्र वास येऊ लागला. एकीच्या घरी तो मैद्यावर आणि दिवसातून दोनदा फीड होतो, दुसरीच्या घरी कणकेवर आणि बहुतेक काळ फ्रिजमध्ये असतो. याविषयी गेल्या काही वर्षांत चांगले संशोधन झाले आहे. बेल्जियममधल्या सेंट विथ या गावी, जिथे २०१३ पासून जगभरच्या सावरडो स्टार्टरांचे एक संग्रहालयच आहे, तिथे वेगवेगळ्या देशांतल्या बेकरांनी एकाच पिठापासून केलेले स्टार्टर तपासले गेले. ते एकसारखे निघाले नाहीत, आणि बेकरांच्या हातांवरही लॅक्टिक जिवाणूंचे प्रमाण सामान्य माणसाच्या हातांपेक्षा पुष्कळ जास्त आढळले. पुढे २०२१ मध्ये चार खंडांतल्या ५०० स्टार्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टार्टर कोणत्या प्रदेशातला आहे यावरून त्यातली सूक्ष्मजीवसृष्टी ओळखता येत नाही, असे त्यात दिसून आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या पावात सापडला म्हणून १९७१ मध्ये ज्या जिवाणूला त्या शहराचे नाव देण्यात आले, तोही नंतर युरोपातल्या कितीतरी स्टार्टरांत आढळला.

या माहितीवरून मी एक निष्कर्ष काढला आहे आणि तो गटात वारंवार सांगते: स्टार्टरच्या वंशावळीला फार महत्त्व देऊ नये. अमुक एक स्टार्टर शंभर वर्षे जुना आहे, तमुक फ्रान्समधून आणलेला आहे, असे ऐकून माणसे हरखतात. आजच्या पावाचा दर्जा त्याला गेल्या काही दिवसांत काय, किती वेळा आणि कोणत्या तापमानाला मिळाले यावर ठरतो. वंशावळीचे खरे मोल निराळ्या ठिकाणी आहे. अमेरिकेत कार्ल ग्रिफिथ नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या पूर्वजांनी १८४७ मध्ये ऑरेगनच्या वाटेवर सोबत नेलेला स्टार्टर त्यांच्याकडे चालत आला होता आणि जो कोणी मागेल त्याला ते तो फुकट पाठवत. २००० साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या स्नेह्यांनी हे काम पुढे चालू ठेवले; तिकीट लावलेले पाकीट पाठवले की वाळवलेला स्टार्टर टपालाने घरी येई. एवढी वर्षे तो टिकला, कारण तो असंख्य घरांत पोहोचलेला होता आणि एखाद्या घरातली बरणी गेली तरी दुसऱ्या घरात तो होता. आमच्या छोट्या गटातही याचा अनुभव आला आहे. एका मैत्रिणीच्या घरी बाळंतपण, दुसरीकडे वडिलांचे आजारपण, अशा काळात बरण्यांकडे कोण पाहणार? त्या गेल्या. सवड झाल्यावर दोघींनाही आपल्याच स्टार्टरची पुढची पिढी दुसरीकडून परत मिळाली.

भाजण्याच्या बाबतीतही हा पाव एकट्याचा राहत नाही. घरगुती ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, २३० अंशांपर्यंत तापायला अर्धा तास लागतो, आणि एवढी वीज एका पावासाठी खर्च करणे जिवावर येते. एकामागून एक दोन-तीन पाव भाजले तरच ते सार्थकी लागते. त्यामुळे ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्या मैत्रिणी वळलेला गोळा घेऊन येतात. तो पंचा घातलेल्या चाळणीत, तांदळाच्या पिठीवर ठेवलेला असतो. दिवाळीआधी नानकटाईचे साहित्य घेऊन पत्र्यांसह गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीवर जाण्याची रीत ज्यांना आठवते त्यांना यात काही नवे वाटणार नाही. परदेशी जड भांडी ओटीजीत मावतही नाहीत. बिडाच्या तव्यावर गोळा ठेवून त्यावर स्टीलचे पातेले पालथे घातले की पहिली वीस मिनिटे पिठातली वाफ आतच कोंडते आणि साल लवकर कडक न होता पाव मोकळेपणी वर येतो. नंतर पातेले काढून आणखी वीस-पंचवीस मिनिटे, चांगला गडद तांबूस होईपर्यंत भाजावा. इथे घाबरू नये. फिकट रंगावर काढलेला पाव आतून ओलसर राहतो.

काढल्यावर निदान तासभर तो कापायचा नाही, कारण आतला स्टार्च तोवर बसलेला नसतो आणि सुरीला चिकटतो. हा तास सर्वांत अवघड असतो, घरभर वास सुटलेला असतो आणि शेजारच्या आजी दारात येऊन विचारतात, “झाला का गं तुमचा पाव?” “झालाय आजी, पण अजून गरम आहे, तुमचा वाटा घेऊन मीच येते,” असे सांगून त्यांना थांबवावे लागते. पाऊण किलोच्या पावाचे आम्ही चार भाग करतो. ते सुती कापडात किंवा कागदात बांधतो. प्लास्टिकच्या पिशवीत मुंबईच्या हवेत तो घामेजतो. आम्लामुळे हा पाव साध्या पावापेक्षा जास्त टिकतो खरा, पण पावसाळ्यात दोन-तीन दिवसांपलीकडे भरवसा धरू नये, काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत.

खाण्याच्या बाबतीत मी कोणालाही चीज आणि ऑलिव्ह तेल सुचवत नाही. शेकलेल्या कापावर घरचे लोणी आणि लसणाची चटणी, किंवा वांग्याचे भरीत, किंवा मटकीची तिखट उसळ. या पावाचा आंबटपणा तिखटाशी फार छान जुळतो. वडा मात्र त्यात घालू नये. वडापावाला बेकरीचा मऊ, किंचित गोडसर लादीपावच हवा, आणि तो पहाटे उठून भाजणाऱ्यांची कला वेगळी आहे. सावरडोने लादीपावाची जागा घ्यावी असे मला कधीच वाटले नाही.

राहता राहिला गावी जाण्याचा प्रश्न. गणपतीसाठी कोकणात जाताना स्टार्टर घट्ट गोळा करून फ्रिजमध्ये ठेवला तर दोन-तीन आठवडे सहज राहतो. वर काळपट पाणी सुटले तर ते काढून टाकून दोन-तीनदा फीड केला की पूर्ववत होतो. गुलाबी किंवा केशरी छटा, अथवा बुरशीची लव दिसली तर मात्र तो पूर्ण टाकून मैत्रिणीकडून नवा आणावा. कायमच्या तजविजीसाठी तो वाळवून ठेवावा, आणि हे काम मे महिन्यात, पापड-कुरडयांच्या वाळवणाबरोबरच उरकावे, कारण ऑगस्टमध्ये तो वाळण्याआधी बुरसटतो. शिगेला पोहोचलेला स्टार्टर बटर पेपरवर पातळ पसरून पंख्याखाली, उन्हात नव्हे, दीड-दोन दिवस ठेवला की त्याचे पापुद्रे सुटतात. ते चुरून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत. चमचाभर चुरा कोमट पाण्यात भिजवून, पीठ घालून दोन-तीन दिवस फीड केला की तो पुन्हा फुगू लागतो. मी त्याच्या छोट्या पुड्या बांधते आणि प्रत्येकीवर वाळवल्याची तारीख आणि तो मैद्यावरचा आहे की कणकेवरचा, एवढे लिहून ठेवते. यंदाच्या पुड्यांतली एक नागपूरला, एक रत्नागिरीला गेली आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात एकास पाचाचे प्रमाणही अपुरे पडेल, तिथे एकास दहा करून पाहायला मी सांगितले आहे.